लहानपण गाणारी गाणी

वाईपासून तीन किलोमीटरवर कृष्णाकाठी मेणवली आहे, नाना फडणवीसांच्या वाड्याचं गाव. २००४ सालच्या ‘स्वदेस’ चित्रपटातलं चरणपूर हे गाव इथंच उभं राहिलं. त्यातलं ‘ये तारा वो तारा’ हे गाणं मला बालपणाच्या गाण्यांमध्ये फार मोलाचं वाटतं. गावात रात्री सिनेमा चालू आहे. मानाचे लोक पडद्यासमोर, आणि ज्यांना समोर बसू दिलं जात नाही ते पडद्यामागे, उलटं चित्र बघत. तेवढ्यात वीज जाते. चित्रपटाचा नायक मोहन मुलांना आकाशातले तारे दाखवत गाऊ लागतो आणि गाता गाता मधला पडदाच खाली येतो. शब्द जावेद अख्तर यांचे, संगीत ए. आर. रहमान यांचं, उदित नारायण यांच्या जोडीला मुलांचे कोवळे आवाज.

मराठीतलं ‘नाच रे मोरा’ तर आपल्याच भागातल्या माणसांचं. सांगली जिल्ह्यातल्या शेटफळे गावी जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांनी ते ‘देवबाप्पा’ या १९५३ सालच्या चित्रपटासाठी लिहिलं. चाल पु. ल. देशपांडे यांची, गायिका सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले. विशीतल्या त्या आवाजात एक लहान पोर अगदी खरंखुरं नाचतं!

जपानी माणसाला असंच प्रिय आहे ‘आकातोम्बो’, म्हणजे लाल चतुराचं गाणं. मिकी रोफू यांच्या कवितेला यामादा कोसाकू यांनी १९२७ साली चाल दिली.

शिक्षकांना एक विनंती. यंदा गॅदरिंगला असं एखादं गाणं ध्वनिमुद्रिकेवर न वाजवता मुलांकडूनच म्हणवून घ्या.