मे महिन्याची सुट्टी



संयोजकांनी मला ‘मे महिन्याच्या सुट्टीच्या आठवणी’ हा विषय दिला. मी फोनवर लगेच हो म्हटलं आणि मग अडकले. कारण आपण मालवणात राहणारी मुलं. मे महिन्यात सुट्टी शाळेला असायची, घराला नसायची. सुट्टीला यायचे ते मुंबईचे चाकरमानी, आणि ते यायचे आपल्याच घरी.

आपण आठवीत असताना जून महिन्यात मराठीच्या बाईंनी ‘मी मे महिन्याची सुट्टी कशी घालवली’ हा निबंध घातला होता. मी लिहिलं की मी मुंबईला गेले, राणीचा बाग पाहिला, चौपाटीवर भेळ खाल्ली. मी तोपर्यंत कणकवलीच्या पुढे गेले नव्हते. बाईंनी वही परत दिली. खाली लाल शाईत एकच ओळ होती : ‘छान. आता तुझ्या घरी काय झाले ते लिही.’ ते मी कधी लिहिलं नाही. बाई आज समोर बसल्या आहेत, म्हणून तोच निबंध आज पूर्ण करते.

आमच्या घरात एरवी सहा माणसं. मे महिन्यात आम्ही एकोणीस व्हायचो. कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली ती 1998 साली, त्याआधी रात्रभर एसटीत बसून सगळे यायचे. पहाटे खळ्यात बॅगा पडायच्या. काका, काकी, आत्या, त्यांची मुलं. चुलत भावंडं आली की मला आभाळ ठेंगणं व्हायचं, हे खोटं नाही. पण त्या आधीच्या पंधरा दिवसांत आई आणि आजीने खळा सारवलेला असायचा, गोधड्या उन्हात टाकलेल्या असायच्या, आंब्याची आढी लावलेली असायची. पाहुणे आले की आई पहाटे चारला उठायची. सकाळी पेज किंवा घावणे, दुपारी मासे-भात, सोलकढी, एखाद्या रविवारी कोंबडी-वडे. एकोणीस माणसांच्या सोलकढीला रोज किती नारळ खवायला लागतात ते मला पक्कं माहीत आहे, कारण विळीवर मी बसलेली असायचे. त्यातच रातांबे फोडायचे, आंबापोळी वाळत घालायची, काजू बिया गोळा करायच्या. ती कामं मे महिन्याचीच. पाऊस कोणासाठी थांबत नाही. आणि विहिरीचं पाणी तळाला गेलेलं.

भावंडं दर वर्षी होडीतून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायची. शिवाजी महाराजांनी 1664 साली कुरटे बेटावर ज्याचा पाया घातला, तो किल्ला मला रोज दिसायचा. पण दहावीपर्यंत मी तिथे दोनदाच गेले, आणि त्यातली एक आपल्या शाळेची सहल होती. मला कोणी अडवत नव्हतं. पण आईला एकटीला स्वयंपाकघरात सोडून जायला पाय उचलायचा नाही.

निघताना काका आईच्या हातात साडी ठेवायचे. एसटी सुटली की आई पडवीत भिंतीला टेकून बसायची आणि म्हणायची, ‘घर कसा मोकळा मोकळा वाटता.’ तिला त्यांची आठवण येत होती की ती दमली होती, हे मला त्या वयात कळलं नाही. आता वाटतं, दोन्ही.

मग आपण पांगलो. मी इंजिनिअर झाले, पुण्यात नोकरीला लागले, आणि एक दिवस लक्षात आलं की आता चाकरमानी मीच आहे. 1997 साली आपला जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तारकर्ली-देवबागला लोक येऊ लागले. रेल्वे आली, रस्ते झाले, 2021 मध्ये चिपीला विमान उतरलं. माझ्या भावाने आणि वहिनीने घराच्या तीन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या. आपल्या वर्गातल्याही कितीतरी जणांनी खोल्या काढल्या आहेत, कोणी खानावळ चालवतं, कोणाची बोट आहे.

यावर आपल्या व्हॉट्सॅप ग्रुपवर नेहमीचा एक सूर असतो : ‘आता गावपण राहिलं नाही, सगळ्याचे पैसे झाले.’ मीही असं म्हणत होते. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यापर्यंत.

त्या मे महिन्यात आम्ही चौघं दहा दिवस माहेरी राहिलो. एका दुपारी फोन वाजला. वहिनी मासे साफ करत होती, म्हणून मी घेतला. कोल्हापूरचं कुटुंब होतं, खोल्या विचारत होतं. मी वहिनीची वही उघडली. प्रत्येक तारखेसमोर नावं, माणसं किती, शाकाहारी किती, आगाऊ रक्कम किती. आणि आमच्या दहा दिवसांसमोर, दोन खोल्यांच्या रकान्यांत, फक्त ‘ताई’. रक्कम नाही. खाली पेन्सिलीने पाच नंबर लिहून खोडलेले. ते आमच्यामुळे नाही म्हणून सांगितलेले पाहुणे होते.

जून-जुलैत मासेमारी बंद, पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्याही बंद. तेव्हा खोल्या रिकाम्याच असतात. दिवाळी, डिसेंबर आणि मे या तीन हंगामांवर त्यांचं वर्ष चालतं. त्यातल्या मे महिन्याचे दहा दिवस मी हसत-खेळत खाऊन बसले होते, आणि वर ‘गावपण राहिलं नाही’ म्हणत होते.

रात्री मी पैसे द्यायला गेले. भाऊ उठून बाहेर गेला. जाताना म्हणाला, ‘माहेराक येताना कोण बिल भरता?’ वहिनी म्हणाली, ‘ताईनू, तुमचांच घर आसा.’ मी पाकीट परत ठेवलं. त्या दोघांचं म्हणणं खरंच होतं. पण वहीही खरी होती.

माझ्या ऑफिसात एक फ्रेंच सहकारी आहे. तिला हे सांगितलं तर तिला नवल वाटलं नाही. फ्रान्समध्ये 1936 साली कायद्याने कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली आणि साधी माणसंही समुद्राकडे, खेड्यांकडे सुट्टीला जाऊ लागली. पुढे खेडी ओस पडू लागली तेव्हा शेतकऱ्यांनी घरं नीट करून ती पाहुण्यांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. 1955 साली अशा घरांची देशपातळीवर संघटनाही झाली. ती म्हणाली, ‘त्यामुळे बरीच घरं उघडी राहिली.’

त्यावरून मला आईची आठवण झाली. वहिनी जे काम करते तेच काम आई करत होती. तीच विळी, तीच पहाट. फरक एवढाच की वहिनीच्या कामाची नोंद होते. त्या वहीतल्या पैशांवर माझी भाची रत्नागिरीत शिकते आहे. आईच्या कामाची वही कोणी ठेवली नाही, मीसुद्धा नाही. ज्याला आपण गावपण म्हणतो, त्यात कोणाचे तरी न मोजलेले हात होते. ते हात मोजले जाऊ लागले म्हणून गावपण गेलं असं मला आता वाटत नाही.

मग आम्ही काय केलं? आता आम्ही मे महिन्यात येत नाही. जुलैत येतो, खोल्या मोकळ्या असतात तेव्हा. पावसात समुद्राजवळ जाता येत नाही, मुलं आधी कुरकुरली. पण पडवीत बसून पाऊस बघायला त्यांना आता आवडतं. वहिनी दुपारी झोपते. भाऊ निवांत बोलतो. नारळ माझा नवरा आणि मुलगा खवतात, वाईट खवतात, पण खवतात. आणि मे महिन्यात यायचंच झालं तर आधी वहिनीला विचारते, ‘वही काय म्हणते?’

मित्रमैत्रिणींनो, आपल्यातले निम्मे अजून इथे आहेत आणि निम्मे बाहेर. बाहेरच्यांना एवढंच सांगणं आहे. ‘येवा, कोकण आपलोच आसा’ हे वाक्य यजमानाने म्हणायचं आहे, पाहुण्याने नाही. येताना तारीख विचारून या. मित्राच्या खोल्यांवर उतरलात तर मैत्रीखातर भाव पाडू नका. आणि घरी उतरलात तर एक दिवस तरी पहाटे चारला उठा.

बाई, माझी आई गेली त्याला सहा वर्षं झाली. हा निबंध तिला वाचून दाखवायला हवा होता, तेवढा उशीर झाला. तुम्हाला मात्र आज जमा करते आहे. मार्क किती द्यायचे ते तुम्ही ठरवा.