टाळूतली छिद्रं आणि भुलीची सुई

आज टाळूविषयी बोलायचं आहे. तान्ह्या बाळाची तेल घालून भरतात ती टाळू नव्हे, तोंडातली. जिभेचं टोक वरच्या पटाशीच्या दातांमागे लावून बघा. मधल्या दोन दातांच्या लगेच मागे एक छोटासा मऊ उंचवटा लागेल. तो आरशात पहिल्यांदा दिसला की ‘डॉक्टर, गाठ आलीये’ म्हणून घाबरून येणारे लोक आम्हां दंतवैद्यांना नेहमीच भेटतात. ती गाठ नाही. हा उंचवटा सगळ्यांनाच असतो, आणि त्याच्याखाली हाडात एक छिद्र असतं. नाकाच्या पोकळीतून निघालेले मज्जातंतू आणि बारीक रक्तवाहिन्या त्यातून टाळूत उतरतात.

घरी गुरं असतील त्यांनी एक गोष्ट पाहिली असेल. गाय माजावर आली की वळू तिचं मूत हुंगतो, मान वर करतो, वरचा ओठ मुडपतो आणि क्षणभर तसाच उभा राहतो. आपल्या या छिद्राच्या जागी त्याच्या टाळूत असलेली वाट खरोखरच उघडी असते आणि तिच्यातून वास एका खास अवयवापर्यंत पोचतो. माणसात ही वाट बहुधा जन्माआधीच बुजते. हाडातलं छिद्र तेवढं उरतं.

कवळी वापरणाऱ्यांनी इथे जरा लक्ष द्यावं. कवळीचा दाब या उंचवट्यावर पडला तर टाळूच्या पुढच्या भागात आग होते, कधी बधिरपणा येतो. खालचा मज्जातंतू दाबला जातो म्हणून हे होतं. दंतवैद्य कवळी त्या जागी थोडी घासून देतात आणि त्रास थांबतो. घरी कानस घेऊन बसू नका. घासायचं एकीकडे असतं, घासलं जातं भलतीकडेच, आणि मग सगळी कवळीच हलायला लागते.

मागच्या छिद्रांची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. कठीण टाळूच्या मागच्या कोपऱ्यांत, दाढांच्या आतल्या बाजूला, उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशी दोन मोठी छिद्रं असतात. त्यांतून येणारे मज्जातंतू दाढांपासून जवळजवळ सुळ्यापर्यंतच्या टाळूला संवेदना देतात. त्यांच्या थोडं मागे आणखी बारीक छिद्रं असतात. कुणाला एका बाजूला एक, कुणाला दोन, क्वचित जास्त, तर कुणाला एकही नाही. त्यांतले तंतू मऊ टाळू आणि पडजिभेकडे जातात.

मोठं छिद्र नेमकं कुठे असतं, यावर पाठ्यपुस्तकांचंच एकमत नव्हतं. कुणी दुसऱ्या दाढेसमोर म्हणायचं, कुणी दुसऱ्या आणि तिसऱ्या दाढेच्या मधे, कुणी सरळ तिसऱ्या, म्हणजे अक्कलदाढेसमोर. मग वेगवेगळ्या देशांतल्या संशोधकांनी कवट्या घेऊन मोजमापं केली. 1988 साली चिनी कवट्यांवर झालेल्या अभ्यासात छिद्र सगळ्यांत जास्त वेळा दुसऱ्या आणि तिसऱ्या दाढेच्या मधे सापडलं. 1994 मध्ये अजमानी या संशोधकांनी नायजेरियन आणि भारतीय कवट्यांची तुलना केली. भारतीय कवट्यांत सुमारे 65 टक्के वेळा ते अक्कलदाढेसमोर होतं, नायजेरियन कवट्यांत सुमारे 48 टक्के वेळा. भारतातच 2007 मध्ये 132 कवट्यांवर झालेल्या अभ्यासात हे प्रमाण जवळपास तीन चतुर्थांश निघालं आणि टाळूच्या मध्यरेषेपासून छिद्राचं अंतर सरासरी पंधरा मिलिमीटरच्या आत-बाहेर. थायलंडमध्ये हेच अंतर सुमारे 16 मिलिमीटर भरलं.

हे आकडे मी रुग्णासमोर बसताना जपूनच वापरते. देशादेशांतला फरक सरासरीचा असतो, आणि माझ्या खुर्चीत सरासरी बसत नाही, एक माणूस बसतो. एकाच गावातल्या दोन माणसांत या सरासऱ्यांपेक्षा जास्त फरक सापडू शकतो. एकाच कवटीत उजवी आणि डावी बाजूसुद्धा तंतोतंत सारखी नसते. शिवाय ‘भारतीय कवटी’ म्हणजे कोणाची? 1985 मध्ये सरकारने बंदी घालेपर्यंत इथली मानवी हाडं, विशेषतः कोलकात्याहून, जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत जात होती. कवटी ज्याची, तो माणूस बंगालचा होता की कोकणातला, कोणत्या समाजाचा, किती वर्षांचा, याची नोंद बहुतेक वेळा झालेलीच नसे. अशा कवट्यांवरून नागपूरच्या रुग्णाला ‘तुम्ही भारतीय, तेव्हा तुमचं छिद्र इथेच’ असं सांगणं मला पटत नाही.

आणि अक्कलदाढच नसेल तर? अनेकांना ती येतच नाही, अनेकांची काढलेली असते. लहान मुलांत तर खुणाच वेगळ्या. दुधाचे दात असताना छिद्र शेवटच्या दुधाच्या दाढेच्या आसपास असतं. जबडा वाढतो, मागच्या दाढा येतात, तसतसं ते मागे सरकतं. म्हणून मुलाला भूल देताना मोठ्या माणसाच्या खुणा चालत नाहीत.

तुमचा याच्याशी काय संबंध? वरची दाढ काढायची असते तेव्हा डॉक्टर आधी गालाच्या बाजूने सुई देतात आणि मग टाळूत. ही दुसरी सुई जास्त दुखते. टाळूची त्वचा हाडाला घट्ट चिकटलेली असते, औषधाला पसरायला जागा मिळत नाही. म्हणून डॉक्टर आधी त्या जागी बधिरता आणणारं जेल लावतात, कापसाच्या काडीने जोरात दाबतात आणि त्या दाबातच सुई देतात. दाबताना, चाचपताना ते खोलगट जागा शोधत असतात. छिद्राच्या तोंडाशी बहुतेकांना किंचित खड्डा जाणवतो. एवढा वेळ का लावतायत म्हणून अस्वस्थ होऊ नका. तो वेळ सत्कारणी लागतोय.

आणि सुई दिल्यावरही दुखत असेल तर बोला. आपल्याकडे विशेषतः ज्येष्ठ मंडळी, आणि बायका तर फारच, दात-ओठ खाऊन सहन करतात. ‘डॉक्टरांनी इंजेक्शन दिलंय, म्हणजे बधीर झालंच असणार.’ नाही हो, औषध छिद्रापासून चार-पाच मिलिमीटर लांब पडलं तर बधिरता अपुरी राहू शकते. हात वर करा, थांबायला सांगा. आणखी थोडं औषध देता येतं.

कधी उलटंही होतं. औषध मागच्या बारीक छिद्रांकडे पसरतं, मऊ टाळू बधीर होते आणि गिळताच येत नाही असं वाटतं. घसा बंद झाल्यासारखं वाटून माणूस घाबरतो. त्या वेळी सरळ बसा, नाकाने सावकाश श्वास घ्या, डॉक्टरांना सांगा. दोन-तीन तासांत हे उतरतं. तोपर्यंत गरम चहा नको आणि खाणंही नको. बधीर टाळू भाजली तरी कळत नाही.

हिरडी खाली सरकलेल्यांना कधी टाळूचा पातळ तुकडा काढून हिरडीवर लावतात. मोठ्या छिद्रातून निघालेली धमनी याच भागातून पुढे जाते, म्हणून डॉक्टर आधी मोजमाप घेतात. घरी आल्यावर तिथून रक्त आलं तर सारखं थुंकू नका. स्वच्छ ओला गॉज दहा-पंधरा मिनिटं सलग दाबून धरा, मधे उचलून बघू नका. तरीही थांबलं नाही तर लगेच फोन करा.

आता जी छिद्रं असायला नकोत त्यांच्याबद्दल. 2021 मध्ये कोविडनंतर महाराष्ट्रात काळ्या बुरशीचे खूप रुग्ण आढळले. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करते. टाळूचा रक्तपुरवठा तुटला की तो भाग आधी फिका पडतो, मग काळा, आणि शेवटी तिथे भोक पडतं. ही बुरशी आजही आहे. मधुमेह असेल, साखर आटोक्यात नसेल आणि टाळूवर काळपट डाग दिसला, वरचे दात अचानक हलू लागले, नाकातून काळसर स्राव आला किंवा पाणी पिताना ते नाकात जाऊ लागलं, तर उद्याची वाट बघू नका. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा आणि आपल्याला मधुमेह आहे हे पहिल्यांदा सांगा.