संगणक सुरू होण्याआधीचा पासवर्ड

घरातला किंवा लहानशा दवाखान्यातला संगणक अनेकांच्या हातांखालून जातो. बँकेचे कागद, रुग्णांची माहिती, मुलांचे फोटो, सगळे त्यातच असते. विंडोजचा पासवर्ड ठेवला की आपण निर्धास्त होतो. पण पेन ड्राइव्हवरून दुसरी प्रणाली सुरू केली, तर तो पासवर्ड बाजूला राहतो आणि फायली उघडता येऊ शकतात. म्हणून बटण दाबताक्षणीच विचारला जाणारा पासवर्ड हवा.

ही सोय जुनी आहे. आयबीएमच्या १९८४ सालच्या पीसी एटीला चावीचे कुलूपच होते. १९८७च्या पीएस/२ मालिकेत संगणक चालू करतानाच पासवर्ड विचारला जाऊ लागला.

आज ही सोय बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ आज्ञावलीत असते. संगणक चालू होताना एफ-टू, एफ-टेन किंवा डिलीट यांसारखी आपल्या कंपनीची कळ दाबा. तिथे बहुधा दोन पासवर्ड दिसतील. एक दिल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. दुसरा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा, दिल्याशिवाय बायोसच्या सेटिंग बदलता येत नाहीत. दोन्ही ठेवा, आणि ते वेगवेगळे असू द्या.

या पासवर्डची मर्यादाही ओळखा. जुन्या डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवरचा गोल सेल काढला की तो बहुधा पुसला जातो. अनेक लॅपटॉपमध्ये मात्र तो कायमस्वरूपी चिपमध्ये असतो आणि विसरल्यास मदरबोर्ड बदलण्याची पाळी येऊ शकते. शिवाय चोराने हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, तर हा पासवर्ड आडवा येत नाही. त्यासाठी डिस्क एन्क्रिप्ट करावी, म्हणजे तिच्यावरची माहिती सांकेतिक रूपात बदलावी लागते. विंडोजच्या प्रो आवृत्तीत त्यासाठी बिटलॉकर ही सोय आहे. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या, कारण बायोसमध्ये बदल केल्यावर ती मागितली जाऊ शकते.

अशा पासवर्डचा गैरवापरही होऊ शकतो, म्हणून फोनवरून 'तुमचा संगणक दुरुस्त करतो' म्हणणाऱ्या अनोळखी माणसाच्या हाती यंत्राचा ताबा कधीही देऊ नका. विंडोजमध्ये पूर्वी सिसकी नावाची सुरुवातीच्या पासवर्डची सोय होती. भामटे तिचाच वापर करून मालकाला त्याच्याच संगणकाबाहेर ठेवत आणि पैसे मागत. मायक्रोसॉफ्टने २०१७मध्ये विंडोज १० मधून ती काढून टाकली.

पासवर्ड ठेवताना कुणाला अडवायचे याइतकाच, आपल्यामागे कुणाला उघडता यावे याचाही विचार करा. आपण आजारी पडलो, तर विम्याचे आणि बँकेचे कागद घरच्यांना मिळायला हवेत. म्हणून विंडोजचा पासवर्ड, बायोसचे दोन्ही पासवर्ड आणि ती ४८ अंकी की बंद पाकिटात घालून कपाटात ठेवा आणि घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला जागा सांगून ठेवा. पासवर्ड बदलला की पाकिटातला कागदही त्याच दिवशी बदला.