वारा कोणाचा, लाट कोणाची?



बार्बाडोसच्या समुद्रावर आम्ही बोलणार असे जाहीर झाल्यावर एका स्नेह्यांनी आम्हांस विचारले, “संघटनेच्या माणसाला समुद्राच्या लाटांशी काय कर्तव्य?” प्रश्न रास्त आहे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि गोदीच्या फाटकावर फार झाले. तेथे एक गोष्ट लवकर कळते : वारा फिरला की काम थांबते, आणि काम थांबले की हजेरी बुडते. तेव्हा वाऱ्याचा अभ्यास हा आमच्या मते रोजगाराचाच अभ्यास आहे.

वॉरेल, वीक्स, वॉलकॉट आणि सोबर्स यांची जन्मभूमी म्हणून बार्बाडोसचे नाव आपल्या ओळखीचे. बेट चिमुकले, लांबी ३४ किलोमीटर, रुंदी २३. वेस्ट इंडीजच्या बेटांची जी कमान आहे, तिच्याही पूर्वेला हे एकटे अटलांटिकमध्ये पुढे उभे आहे. तेथून आफ्रिकेपर्यंत चार हजार किलोमीटरहून अधिक पाणी. मध्ये आडोसा म्हणून काही नाही. या उघड्या किनाऱ्यावर बाथशीबा नावाचे गाव आहे. प्रवाळाच्या जुन्या दगडाचे प्रचंड धोंडे तेथे पाण्यात उभे आहेत. तेथल्या लाटेच्या जागेला ‘सूप बोल’, म्हणजे सुपाचा वाडगा, म्हणतात. फळीवर उभे राहून लाटेवर स्वार होणारे खेळाडू जगभरातून तिच्यासाठी येतात. पोहायला मात्र जागा वाईट. लोक खडकांमधल्या डबक्यांत बसून अंग भिजवतात, आणि ते शहाणे आहेत.

शाळेच्या भूगोलातले व्यापारी वारे ते हेच. ते पूर्वेकडून, थोडे ईशान्येकडे कलून, वर्षाचा बहुतेक काळ वाहतात. आपल्या मोसमी वाऱ्याप्रमाणे ते अर्ध्या वर्षाने पाठ फिरवीत नाहीत. डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत त्यांचा जोर अधिक. उसाची तोडणी त्याच दिवसांतली, आणि ऊस गाळणाऱ्या पवनचक्क्या याच वाऱ्यावर फिरत. मॉर्गन लुईस येथली चक्की अजून उभी आहे. वारा फुकटचा होता. चक्कीला ऊस भरविणारे हात १८३४ पर्यंत गुलामांचे होते, म्हणजे तेही मालकाच्या हिशेबी जवळजवळ फुकटचेच.

आता लाटांकडे येऊ. लाट दोन तऱ्हेची. एक जवळच्या वाऱ्याने उठविलेली : आखूड, विसकटलेली, सहा-आठ सेकंदांनी येणारी. बाथशीबाला ती रोजचीच. दुसरी दूरच्या वादळात जन्मलेली. वादळ तेथेच राहते, लाट चालू लागते. चौदा सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटांची झुंड खोल समुद्रात ताशी सुमारे ४० किलोमीटर चालते. अडीच हजार किलोमीटरवर वादळ झाले तर तिसऱ्या दिवशी ती दारात येते. आकाश निरभ्र असते आणि समुद्र फुगलेला असतो. हिवाळ्यात उत्तर अटलांटिकमधून अशी लाट आली म्हणजे एरवी तळ्यासारखा शांत असलेला बेटाचा पश्चिम किनाराही फुटू लागतो. सप्टेंबर ते नोव्हेंबर या महिन्यांत वारा मंदावतो आणि दूरची चक्रीवादळे लांब लाटा धाडतात. मग बाथशीबाचे पाणी नितळ, घोटीव होते. फळीवाल्यांची सुगी ती हीच.

पण सुगी एकाची. प्रवाशांचा खरा हंगाम मध्य-डिसेंबर ते मध्य-एप्रिल. हॉटेलात चादरी बदलणारीला फळीवाल्यांच्या सुगीत कामाचे दिवस कमी पडतात. मच्छीमाराचा ‘उडता मासा’ डिसेंबर ते जून मिळतो. त्याला स्वच्छ लांब लाटेचे कौतुक कशाला असेल? बाथशीबाच्या किनाऱ्याने पूर्वी आगगाडी धावत असे. समुद्र तिच्या रुळांखालची जमीन खात राहिला आणि १९३७ मध्ये ती बंद झाली. त्याच वर्षी जुलैत बेटावरचे कामगार रस्त्यावर आले, आणि १९४१ मध्ये बार्बाडोस वर्कर्स युनियन उभी राहिली. हंगामी माणसाला संघटनेत आणणे किती कठीण, हे आम्ही जाणतो. चार महिने तो सभासद असतो, आठ महिने कर्जदार.

२९ जून २०२४ रोजी ब्रिजटाऊनला भारतीय संघाने विश्वचषक जिंकला, तो दिवस आपणांस आठवत असेल. पाठोपाठ बेरिल चक्रीवादळ आले, विमानतळ बंद झाला, संघ हॉटेलात अडकला. आपल्या वृत्तपत्रांत त्याचे तासातासाचे वर्णन होते. ४ जुलैला मरीन ड्राइव्हवर मिरवणूक निघाली. आम्हांस तिचा आनंद झाला नाही असे नव्हे.

परंतु ब्रिजटाऊनच्या मच्छीमार बंदरात काय झाले? हे शहर बेटाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, वाऱ्याच्या आडोशाला वसले आहे. पूर्वेचा समुद्र खवळला म्हणजे नावा तेथे आणून बांधायच्या, हा साधा व्यवहार. बेरिल १ जुलैला बेटाच्या दक्षिणेकडून गेले. त्याच्या लाटा दक्षिणेचे टोक वळून थेट त्या आडोशात शिरल्या. रक्षणासाठी बांधलेल्या नावा एकमेकींवर आदळून फुटल्या, कित्येक बुडाल्या. निष्काळजीपणा म्हणावा तर तो नव्हता. समुद्रच नेहमीच्या दाराने आला नाही. दुसऱ्या दिवशी ते वादळ पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या, श्रेणीला पोहोचले. अटलांटिकच्या नोंदींत इतक्या लवकर त्या श्रेणीला पोहोचलेले वादळ नाही. वादळांचा ऋतू १ जूनपासून धरतात, पण असली वादळे एरवी त्या ऋतूच्या उत्तरार्धात यायची.

नाव फुटली की मालकाचे लाकूड आणि इंजिन जाते. खलाशाचा त्या मासळीतला वाटा जातो, आणि बाजारात उड्या माशाचे काटे काढून देणाऱ्या बाईची मजुरीही जाते. या दोघांची नावे नुकसानीच्या कोणत्या रकान्यात लिहायची? उडता मासा डिसेंबरात पुन्हा येणार होता. नावा सांधायला मधले पाच महिने होते.