गुणदानातील न्याय

चित्रगुप्ताची वही एकहाती असते. परीक्षामंडळाचे तसे नाही. पश्चिम बंगालमध्ये दहावीच्या ‘माध्यमिक’ परीक्षेत जीवनविज्ञानाची ९० गुणांची लेखी प्रश्नपत्रिका असते. तिच्या लक्षावधी उत्तरपत्रिका अनेक परीक्षकांत वाटल्या जातात. एकाच उत्तराला श्यामबाजारच्या परीक्षकाने पाच आणि बेहालाच्या परीक्षकाने तीन गुण दिले, तर मुलाचे भवितव्य त्याच्या अभ्यासावर न ठरता, गठ्ठा कोणाच्या घरी गेला यावर ठरेल.

हा प्रश्न कोलकात्याला नवा नाही. कलकत्ता विद्यापीठाच्या चौकशीसाठी १९१७ साली सर मायकेल सॅडलर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. शालान्त परीक्षा विद्यापीठाकडून काढून स्वतंत्र मंडळाकडे द्यावी, असे त्याने १९१९ साली सुचविले. पश्चिम बंगालमध्ये असे मंडळ १९५१ साली आले. या आयोगाचे एक सदस्य फिलिप हार्टोग यांनी पुढे इंग्लंडमध्ये परीक्षकांचीच परीक्षा घेतली. पूर्वी सारखेच गुण मिळालेल्या इतिहासाच्या पंधरा उत्तरपत्रिका त्यांनी पंधरा परीक्षकांना दिल्या. ९६ पैकी २१ पासून ७० पर्यंत गुण पडले. वर्षाहून अधिक काळाने चौदा परीक्षकांनी त्याच उत्तरपत्रिका पुन्हा तपासल्या, तेव्हा २१० निर्णयांपैकी ९२ निर्णय फिरले. १९३५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

इतिहासात मतभेद व्हायचेच. शास्त्रात ते कसे होतील, असे कोणी म्हणेल. हृदयाची आकृती घ्यावी. शरीराची डावी बाजू कागदावर उजवीकडे येते. एखादी मुलगी आकृती रेखीव काढते, पण ही खूण विसरते आणि डावे-उजवे उलटे लिहिते. दोन कर्णिका व दोन जवनिका, चारही नावे चुकतात. एक परीक्षक चार गुण कापतो. दुसरा म्हणतो, चूक एकच आहे; कर्णिका वर व जवनिका खाली हे तिला ठाऊक आहे; म्हणून एकच गुण कापावा. दोघेही प्रामाणिक असतात. अन्याय घडतो तो दोघांनी आधी ठरवून न घेतल्यामुळे.

म्हणून न्यायाची सुरुवात पहिली उत्तरपत्रिका उघडण्यापूर्वी होते. प्रत्येक गुण कोणत्या मुद्द्यासाठी, कोणते पर्यायी शब्द चालतील, एका चुकीची शिक्षा किती वेळा, हे लिहून ठेवावे लागते. काही उत्तरपत्रिका सर्वांनी तपासून गुण ताडून पाहावे लागतात. एकच प्रश्न सर्व उत्तरपत्रिकांत सलग तपासला, तर आधीच्या सुंदर अक्षराची छाप पुढच्या उत्तरावर कमी पडते. आणि शंभरावी उत्तरपत्रिका झाल्यावर पहिल्या पाचांकडे पुन्हा वळावे. थकव्याने हात सैल झाला की आखडला, हे तेव्हाच कळते.

पूर्वी परीक्षकाचा हा निवाडा बंद दाराआड राही. तपासलेली उत्तरपत्रिका पाहू देण्याचा कोलकाता उच्च न्यायालयाचा निर्णय २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला, आणि माहितीच्या अधिकाराखाली ती पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क प्रस्थापित झाला. आता तिचा गुण का कापला, हे ती मुलगी पाहू शकते. त्या लाल खुणेमागे परीक्षकाची लहर नसून सर्वांना सारखा लागू असलेला नियम आहे, एवढे तिला दिसले, तर कमी गुणही ती मानाने स्वीकारील.