डिंकाचा दोष



मला पाच मिनिटं दिली आहेत. शाळेच्या आठवणी सगळेच सांगतील, मी डिंकाबद्दल बोलणार आहे. हसू नका, त्यात एक जुनी बाकी आहे.

आठवीच्या विज्ञान प्रदर्शनात आम्ही दोघांनी रबराच्या पिळावर उडणारं विमान केलं होतं. पतंगाच्या कामट्या, पतंगाचाच कागद आणि बाभळीचा डिंक. कामट्या तासायचं काम त्याचं, चिकटवायचं माझं. डिंक जितका दाट तितका सांधा पक्का, अशी माझी समजूत. रात्री सरळ ठेवलेला पंख सकाळी पिळलेला निघाला. हॉलमध्ये सोडलं तर विमान गर्रकन वळून पाहुण्यांच्या टेबलावर. सगळ्यांसमोर मी म्हणालो, "यानं कामटी वाकडी तासली." तो काही बोलला नाही. पुढं वर्षभर आम्ही एका बाकावर बसलो नाही.

तीन वर्षांपूर्वी भाचीला तसंच विमान हवं होतं, म्हणून पुन्हा नादी लागलो. बंद हॉलमध्ये उडवायच्या विमानांची जागतिक स्पर्धा असते. त्यातल्या एका गटात रबर सोडून विमान किमान 1.4 ग्रॅमचं असावं लागतं. म्हणजे आपल्या रुपयाच्या नाण्याच्या निम्म्याहून कमी! तिथं डिंकाचा एक थेंबही जड.

मी टेबल टेनिसचे जुने सेल्युलॉइडचे चेंडू कापून अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवले. 2014 पासून मोठ्या स्पर्धांत प्लास्टिकचे चेंडू आले, त्यामुळं जुने शोधावे लागले. (घरी करणार असाल तर चुलीपासून, देवाच्या दिव्यापासून लांब. दोन्ही जिनसा भडकून पेटतात.) पातळ काकवीइतकं झालं की अ‍ॅसिटोन घालून आणखी पातळ करायचं. अ‍ॅसिटोन उडून जातं आणि वजन फार थोडं उरतं.

मग परीक्षा. दोन काड्या जोडून दुसऱ्या दिवशी मोडायच्या. काडी मोडली तर पास, सांधा सुटला तर नापास. दुसरी परीक्षा मात्र मला कुणी तेव्हा सांगायला हवी होती. पतंगाच्या कागदाच्या पट्टीवर एका बाजूनं डिंकाची रेघ ओढायची आणि रात्रभर ठेवायची. माझी पट्टी सकाळी पुरीसारखी वळली होती. डिंक वाळताना आकसतो आणि कागदाला, काडीला आपल्याबरोबर ओढतो. त्यावर उपाय आपल्या आज्जीचाच, एरंडेल. दोन-चार थेंब घातले की वाळलेला डिंक लवचिक राहतो. जास्त घातलं तर मात्र चिकटतच नाही. माझ्या चार बाटल्या त्यात वाया गेल्या.

मग मुद्दाम बाभळीचा डिंक आणून तसाच दाट लावून पाहिला. ती पट्टी तर सगळ्यांत जास्त वळली. आपल्याकडची कोरडी हवा, त्यात तो जाड थर. चाळीस वर्षांपूर्वीचा तोच पीळ माझ्या टेबलावर पडला होता.

तो आज तिसऱ्या रांगेत बसला आहे. मित्रा, तुझी कामटी सरळ होती. सर, तुम्हीही ऐका, तुम्ही तेव्हा त्याचे गुण कापले होते.

खोक्यात नवं विमान आणलंय, पण पंखाची कामटी अजून तासायची आहे. ती तूच तास. जेवणानंतर या हॉलचे पंखे बंद करायला सांगितलेत.