पाय ओले झाले की बसायचं!

परभणीत डोंगर कुठे, असं सगळे विचारतात. मी जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या टेकड्यांवर सराव करतो. एकच चढ, वीस वेळा!

लडाखच्या 'ला अल्ट्रा'त ३३३ किलोमीटरला ७२ तास मिळायचे. माझी पहिली शर्यत तीनच दिवसांची, तीही दुसऱ्या दिवशी संपली. दम होता, पण पायांनी साथ सोडली. ओढा ओलांडला आणि वेळ वाचवायला ओले मोजे तसेच ठेवले. संध्याकाळपर्यंत टाच सोलली. चाळीस किलोमीटर बाकी असताना थांबलो. रडलो, खरं सांगतो.

घरी आलो तेव्हा शेगावची पालखी परभणीत होती. एका वारकरी मावशींना टाच दाखवली. म्हणाल्या, "बाळा, पाय ओले झाले की बसायचं, पुसायचं, मगच निघायचं. पंढरपूर कुठं पळून चाललंय?"

आता बॅगेत सगळ्यात वर दोन जोड कोरडे मोजे आणि व्हॅसलिन. खाली हेडलॅम्प, जादा सेल, शिट्टी, रेनकोट, मीठ-साखर. बूट अर्धा नंबर मोठे, कारण लांब पळताना पाय सुजतात.

पाच मिनिटं बसा. माझे ते चाळीस किलोमीटर अजून बाकी आहेत. भेटू पुढच्या भागात!